कालवा, हिवताप आणि अंगातला दाह

मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, वैद्यक नव्हे. समोर डॉक्टर मंडळी बसलेली दिसतात, त्यांनी माझं कुठं चुकलं तर जरूर कान धरावा. पण आजचा विषय रोगाचा असला, तरी प्रश्न माझ्याच शास्त्रातला आहे. एखाद्या रोगाचं ‘कारण’ आपण नेमकं कशाला म्हणतो? हा प्रश्न मला आपल्या बारामती-इंदापूरच्या मातीतूनच मांडायचा आहे.

माझं आजोळ इंदापूर तालुक्यात, नीरा डाव्या कालव्याच्या फाट्याजवळ. माझी एक मावशी मी जन्मायच्या आधीच तापानं गेली. नऊ वर्षांची होती. आजी सांगायची, एक दिवसाआड पोरीला थंडी भरायची. चार घोंगड्या टाकल्या तरी दात वाजायचे. मग अंग तव्यासारखं तापायचं, मग घामाच्या धारा. पोटात डाव्या अंगाला पानथरी हाताला लागायची. आजीच्या लेखी कारण एकच होतं, ‘कालव्याचं पाणी बाधलं.’ शाळेत जायला लागल्यावर मी मोठ्या ऐटीत तिला सांगितलं, “आजी, पाणी नाही, डास!” आज वाटतं, आम्हा दोघांचंही अर्धंच खरं होतं.

आधी कालव्याकडे बघू. १८७६ ते ७८ च्या दुष्काळानं दख्खन होरपळून निघाली. त्यानंतर भाटघरचं धरण आणि नीरा डावा कालवा ही कामं झाली. १८८५ च्या सुमारास कालव्याला पाणी सुटलं आणि पुरंदर, बारामती, इंदापूर या कोरड्या पट्ट्यात ऊस उभा राहिला. पुढं १९३० च्या दशकात वालचंदनगरचा कारखाना आला, नंतर सहकारी कारखाने आले. हे वैभव खोटं नाही. माझं शिक्षण त्याच उसाच्या पैशावर झालं.

पण पाणी आणलं, ते निघून जायची वाट मात्र नीट केली नाही. काळ्या जमिनीत पाणी मुरत गेलं, भूजल वर आलं, जमिनी चोपण झाल्या. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हाणे यांनी १९१० मध्ये नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर पुस्तिकाच लिहिली. जमिनीचं दुखणं नोंदलं गेलं. आणि माणसाचं? पाझराची डबकी, तुंबलेल्या चाऱ्या, उन्हात चमकणारं संथ, स्वच्छ पाणी ही ॲनोफिलीस क्युलिसिफेशीस या डासाची आवडती जागा. ग्रामीण भारतात हिवताप पसरवणारा मुख्य डास हाच.

आता जरा आमचं शास्त्र. न्यायदर्शनात घटाचं उदाहरण देतात. माती हे एक कारण, कुंभार आणि चाक ही दुसऱ्या जातीची कारणं. पण माती वाहून आणणारं गाढव? ते घडा होण्याआधी हजर होतं, तरी नैयायिक त्याला कारण मानत नाहीत. त्याला म्हणतात ‘अन्यथासिद्ध’. दुसऱ्या कशावरही माती आणता आली असती. मग प्रश्न असा, की मावशीच्या मृत्यूत कालवा कोण? कुंभार की गाढव?

विज्ञानानं कारणांची ही साखळी हळूहळू उलगडली. आपल्या जुन्या वैद्यांनी तृतीयक आणि चतुर्थक ज्वर ओळखले होते, म्हणजे तापाचं वेळापत्रक त्यांना ठाऊक होतं. १८८० मध्ये लाव्हरांनी अल्जीरियात रुग्णाच्या रक्तात परजीवी पाहिला. काही वर्षांतच इटलीत गोल्जींनी दाखवलं, की तांबड्या पेशी फुटून परजीवी बाहेर पडतात, त्याच घडीला थंडी भरते. आणि २० ऑगस्ट १८९७ ला रोनाल्ड रॉसना सिकंदराबादेत डासाच्या पोटात तो परजीवी दिसला.

कारण सापडलं म्हटल्यावर उपाय सोपा वाटला, डास मारा. मुंबई प्रांतात डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी १९४०च्या दशकाच्या मध्यात कानडा आणि धारवाड जिल्ह्यांत डीडीटी फवारणीचे मोठे प्रयोग केले. युक्ती साधी होती. हा डास रक्त पिऊन जड झाला की घराच्या किंवा गोठ्याच्या भिंतीवर टेकतो. भिंतच विषारी करायची. १९५३ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. खाकी कपड्यातले फवारेवाले, शेणानं सारवलेल्या भिंतीवर उमटलेले पांढरे डाग, दारावर लिहिलेली तारीख, पंधरवड्याला येऊन ‘कुणाला ताप?’ विचारत बोटाला सुई टोचणारा मलेरियावाला, हे सगळं मी पाहिलेलं आहे. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी रुग्ण आणि आठ लाख मृत्यू असा अंदाज होता. १९६१ मध्ये रुग्ण उरले पन्नास हजारांच्या आसपास. मावशी दहा-बारा वर्षं उशिरा जन्मली असती, तर वाचली असती.

पण डासही शिकतो. डीडीटी न जुमानणारे डास वाढले, आपलं लक्ष उडालं, आणि १९७६ मध्ये रुग्णसंख्या चौसष्ट लाखांवर गेली. शिवाय ऊसतोड कामगाराच्या कोपीला भिंतच नसते. फवारायचं कशावर? ज्याच्या घामावर कारखाना चालतो, त्याच्यापर्यंत ही युक्ती पोचतच नव्हती.

आता साखळीची शेवटची कडी, आणि ही मला सगळ्यात विचारात पाडणारी आहे. ताप परजीवी आणतो का? काटेकोर बोलायचं तर नाही. पेशी फुटल्या की त्यातला कचरा रक्तात येतो, त्यानं आपल्याच संरक्षक पेशी खवळतात आणि टीएनएफसारखे संदेशवाहक रेणू सोडतात. हुडहुडी आणि ताप हे त्यांचं काम. म्हणजे दाह आपणच पेटवतो. १९८०च्या दशकात ऑस्ट्रेलियातले इयन क्लार्क वगैरे संशोधकांनी हा विचार पुढं आणला. मग साहजिकच वाटलं, टीएनएफ रोखला की माणूस वाचेल. गांबिया देशात मेंदूपर्यंत हिवताप गेलेल्या सहाशेहून अधिक मुलांवर हे तपासलं. १९९६ मध्ये निष्कर्ष आला. ताप कमी झाला, मृत्यू कमी झाले नाहीत. उलट वाचलेल्या मुलांत मेंदूची कायमची इजा जास्त दिसली. दाह हा शत्रू आहे आणि पहारेकरीही आहे. पहारेकऱ्याला बांधून ठेवलं म्हणून चोर पळत नाही.

हाच दाह शहाणपणानं वापरला तर? त्याचं उदाहरण आपल्याच रस्त्यावर आहे. इंदापूरहून सोलापूर रोडनं पुण्याकडे निघालात, की हडपसर लागतं. तिथल्या सिरम इन्स्टिट्यूटनं ऑक्सफर्डबरोबर आर-२१ ही हिवतापाची लस तयार केली. ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं मुलांसाठी तिची शिफारस केली. त्या लशीत परजीवीचा एक तुकडा असतो आणि सोबत साबणासारखा फेस देणाऱ्या एका झाडाच्या सालीपासून काढलेला पदार्थ. त्याचं काम म्हणजे थोडा, मोजका दाह पेटवून शरीराला जागं करणं. आफ्रिकेतली मुलं आज ती लस घेत आहेत. ती फक्त फाल्सिपॅरम या जातीवर आहे, आपल्याकडच्या व्हायवॅक्सवर नाही, हेही लक्षात ठेवा.

आणि आपण सुटलो असंही नाही. १९७३ मध्ये शेजारच्या बार्शीत चिकुनगुनियाची साथ आली, २००६ मध्ये तो राज्यभर परतला. ताप आठवड्यात उतरतो, पण सांध्यातला दाह कित्येकांना महिनोन्महिने बसता-उठता रडवतो. २०२१ मध्ये पुरंदरच्या बेलसरमध्ये राज्यातला पहिला झिकाचा रुग्ण सापडला. यांचा डास एडिस. त्याला कालवा लागत नाही, रांजण आणि जुना टायर पुरतो.

आता गाढवाच्या प्रश्नाकडे येतो. कालवा काही अन्यथासिद्ध नाही, पण एकटा गुन्हेगारही नाही. परजीवी, डास, तुंबलेलं पाणी, कोपीतली वस्ती, वेळेवर न मिळालेलं क्विनाइन आणि मावशीच्या अंगातला तिचाच दाह, ही सगळी मिळून एक कारणसामग्री होते. यातली योग्य कडी तोडली तर माणूस वाचू शकतो. कुठली तोडायची, हे प्रयोगशाळा एकटी ठरवत नाही, गावही ठरवतं. लस करायला शंभरावर वर्षं लागली. चारी मोकळी करायला एक सकाळ लागते, आणि आठवड्याचा कोरडा दिवस पाळायला तर तेवढीही नाही.

आजीला मी आज भेटलो असतो तर म्हणालो असतो, पाणी बाधलं हे तुझं खरंच होतं. फक्त ते वाहतं ठेवायचं आपल्याकडून राहून गेलं.

चला, आता प्रश्न घेऊ या. डॉक्टरांनी आधी बोलावं.