रत्नागिरीतले आठ तास: राणीची हद्द आणि माझी



मागच्या डिसेंबरात मी मूडबिद्रीच्या दर्शनाला गेले, एकटी. आमच्या घरात आजवर कुठलीच बाई एकटी यात्रेला गेलेली नव्हती. हे असते तोवर तिकिटं कायम त्यांच्या खिशात असायची. गाडी किती वाजता, उतरायचं कुठं, हे मी कधी विचारलंच नाही. हजारखांबी बसदी दोघांनी मिळून पाहायची ठरली होती, ते राहून गेलं. दोन वर्षं मी थांबले आणि मग निघाले.

कोल्हापूरहून सकाळच्या एसटीनं आंबा घाटातून रत्नागिरी आणि तिथून रात्री कोकण रेल्वेनं मंगळूर, असा बेत ठरला. मध्ये रत्नागिरीत आठ तास हातात होते. मुलगा म्हणाला, "आई, स्टेशनातच बस, कुठं फिरू नको." जाऊबाई म्हणाल्या, "आर्यिका माताजीसुद्धा एकट्या विहार करत नाहीत, संघानंच चालतात." त्यांचं खरं होतं. मी काही बोलले नाही. रात्री सामायिक करताना मात्र मला देशव्रत आठवलं.

पाठशाळेत आपण सगळ्याच शिकलोय. दिग्व्रतात दाही दिशांची मर्यादा आयुष्यभरासाठी घ्यायची. देशव्रतात तीच मर्यादा ठरावीक काळापुरती आणखी लहान करायची: आज या गल्लीपर्यंत, आज या ओढ्यापर्यंत. मनात आलं, प्रवासाची आखणी म्हणजे तरी दुसरं काय? वही उघडली आणि लिहिलं: थिबा राजवाडा, टिळकांचं घर, पतितपावन मंदिर, स्टेशन. याच्या बाहेर पाऊल नाही. गणपतीपुळे नाही, रत्नदुर्ग नाही. सूर्यास्ताच्या आत जेवण आणि अंधाराच्या आत स्टेशन. डिसेंबरात तिकडं सहानंतर थोड्याच वेळात सूर्य मावळतो, म्हणून साडेपाचची वेळ घातली. आधी सोमवार ठरवला होता, पण राजवाड्यातलं संग्रहालय सोमवारी बंद असतं असं कळलं. म्हणून मंगळवार केला.

एसटीत बायकांना २०२३च्या मार्चपासून अर्धं तिकीट आहे. साखरप्याजवळ देवरुखचा फाटा लागला तेव्हा खिडकीतून बघत राहिले. याच देवरुखची गोदूबाई जोशी लहानपणीच विधवा झाली, भावाबरोबर मुंबईला गेली आणि १८८९ साली पंडिता रमाबाईंनी काढलेल्या शारदा सदनात शिकली. १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी तिचं लग्न झालं. त्या काळी विधवेनं घाट ओलांडायचा तो काय हिमतीनं ओलांडला असेल! माझ्या मांडीवर दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गाळून उकळलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या होत्या.

दहाच्या सुमाराला पोचले आणि रिक्षा करून थेट राजवाड्यावर गेले.

ब्रह्मदेशचा राजा थिबा याची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. इंग्रजांनी १८८५च्या नोव्हेंबरात मंडाले घेतलं आणि राजाला देशाबाहेर काढलं. आधी मद्रासला ठेवलं आणि १८८६च्या एप्रिलात बोटीनं रत्नागिरीला आणलं. तेव्हा इथं रेल्वे नव्हती आणि पावसाळ्यात बोटीही बंद असायच्या. कुणाला जगापासून दूर ठेवायचं तर याहून बरी जागा कोणती! राजाचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं. मी मात्र त्याच्या घरातल्या बायकांचाच विचार करत होते. पट्टराणी सुपयालत देश सोडताना गरोदर होती. दोन मुली बरोबर होत्या, तिसरी मद्रासला झाली, चौथी रत्नागिरीत. धाकटी राणी, म्हणजे सुपयालतची सख्खी बहीण, तीही सोबत होती. नवा मुलूख, नवी भाषा, घरात चार लहान मुली आणि दारात पोलीस. बाहेर पडायचं तर परवानगी घ्यायची आणि पहाऱ्यात जायचं. खर्चाला पैसे पुरेनात तेव्हा बरोबर आणलेले दागिने आणि माणकं विकली गेली. आपल्यातल्या ज्या बायकांनी मुलांच्या शिक्षणासाठी पाटल्या मोडल्यात, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आज आपण जो राजवाडा बघतो तो १९१०चा. त्याआधीची चोवीस वर्षं हे कुटुंब बंगल्यांतच राहत होतं. जांभ्या दगडाची लाल वास्तू, उतरती छपरं, अर्धगोल नक्षीदार खिडक्या. वरून भाट्याची खाडी आणि समुद्र दिसतो. खिडकीशी उभी राहिले आणि वाटलं, हाच समुद्र राणी रोज बघत असेल, आणि पलीकडे जायला मात्र बंदी.

थिबा १९१६च्या डिसेंबरात इथंच वारला. १९१९ साली राणी आणि मुली रंगूनला परतल्या आणि तिथं राणी १९२५ साली गेली. थोरली राजकन्या फाया मात्र काही काळानं रत्नागिरीला परत आली. पदरी असलेल्या गोपाळ सावंतांपासून तिला मुलगी झाली होती, टूटू. राजकन्येचे शेवटचे दिवस हलाखीत गेले आणि १९४७ साली ती इथंच गेली. टूटूनं इथंच लग्न केलं, गरिबीत पुष्कळ मुलं वाढवली, मराठीच बोलली आणि २००० साली गेली. राजाची नात आपल्यासारखीच मराठीत रागवत असेल, मराठीत पोरांना निजवत असेल. पुढं २०१२ साली म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीला येऊन गेले, तेव्हा या घराण्याची आठवण पुन्हा निघाली.

दुपारी सावलीत बसून दशम्या खाल्ल्या आणि टिळक आळीत गेले. १८५६ साली लोकमान्यांचा जन्म इथला. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना इंग्रजांनी १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात ठेवलं आणि मंडालेच्या राजाला रत्नागिरीत. दोघं एकाच वेळी एकमेकांच्या गावी कैदेत होते! मंडालेत टिळकांनी गीतारहस्य लिहिलं, हे आपण शाळेत शिकलो. पण १९१२ साली पुण्यात सत्यभामाबाई गेल्या तेव्हा टिळक तिकडंच होते, हे कुणी शिकवलं नाही. आणि त्याच १९१२ साली इकडं रत्नागिरीत थिबाची धाकटी राणी वारली. एकीचा नवरा तुरुंगात, दुसरी नवऱ्याच्या तुरुंगात. दोघींवर खटला कधी चालला नव्हता, पण शिक्षा दोघींनी भोगली. त्या जुन्या घराच्या ओसरीवर मला आमच्या ह्यांची फार आठवण आली. मी नऊ वेळा णमोकार म्हटला, मग उठले.

तिथून पतितपावन मंदिरात गेले. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते, जिल्ह्याबाहेर जायची त्यांना मनाई होती. त्या काळात त्यांच्या पुढाकारानं, भागोजी कीरांच्या पैशातून हे मंदिर १९३१ साली उभं राहिलं आणि सगळ्या जातींना खुलं झालं. म्हणजे या गावात हद्दीत अडकवलेली माणसं पुष्कळ. काहींनी त्या हद्दीतच मोठं काम उभं केलं, काहींना तेवढी मोकळीकही मिळाली नाही.

पावणेपाचला हॉटेलात ताजी आंबोळी मागितली. बटाट्याची भाजी नको, कांदा-लसूण नको, चटणी वेगळी द्या, असं स्पष्ट सांगितलं. गल्ल्यावरच्या बाई म्हणाल्या, "ताई, एकट्याच?" मी म्हटलं, "हो." तेवढंच उत्तर द्यायला मी घरी आरशासमोर तीनदा सराव केला होता. त्यांनी नुसती मान डोलावली आणि गरम पाण्याचा पेला पुढं केला.

स्टेशन शहराबाहेर आहे, कुवारबावच्या बाजूला. उजेडातच रिक्षा केली आणि बसायच्या आधी भाडं ठरवलं. बायकांच्या प्रतीक्षालयात सामायिक केलं, मुलाला फोन केला. रेल्वेसाठी १३९ आणि पोलिसांसाठी ११२ हे दोन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेले होते, लागले नाहीत. वयाची पंचेचाळीस ओलांडली की बायकांना खालचा बर्थ देताना प्राधान्य असतं, तो मिळाला. सकाळी डोळे उघडले तेव्हा खिडकीबाहेर नारळाच्या बागा होत्या.

जाऊबाईंना परत आल्यावर सांगितलं, माताजी संघात चालतात तो त्यांचा नियम. मीही नियम घेऊनच गेले होते. राणीची हद्द दुसऱ्यानं आखली होती आणि तिला ती तेहेतीस वर्षं पाळावी लागली. माझी मी आखली, आठ तास पाळली आणि गाडीत बसल्यावर णमोकार म्हणून सोडली. एकीला कैद म्हणतात, दुसरीला व्रत.

जाऊबाई जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "त्या दशम्यांत दूध घातलं होतंस की नुसतं पाणी?" पुढच्या खेपेला त्या बरोबर येणार आहेत. तिकिटं माझ्याकडे असतील.