लढाऊ रोबोटांच्या वजनी गटाची कुळकथा

दूरनियंत्रणाने चालणारी दोन यंत्रे बंदिस्त रिंगणात सोडून, त्यांतले एक निकामी होईपर्यंत किंवा ठरलेला वेळ संपेपर्यंत त्यांना झुंजवण्याच्या खेळात यंत्राच्या रचनेवर सर्वाधिक हुकमत चालते ती वजनाच्या मर्यादेची. रोबोट किती लांब-रुंद असावा, त्याला किती चाके असावीत, त्याने उचलावे, कापावे की ठोकावे, या बाबतींत बहुतेक स्पर्धा बांधणाऱ्याला पुष्कळ मोकळीक देतात. काट्यावरच्या आकड्यात मात्र सहसा सूट मिळत नाही. ही मर्यादा सोयीसाठी आणि सुरक्षिततेसाठी आली, पण तिचे परिणाम त्या हेतूंच्या फार पुढे गेले, कारण या खेळात नावाजलेला जवळजवळ प्रत्येक रोबोटप्रकार म्हणजे ठरावीक वजनात अधिकाधिक बळ कसे बसवावे या एकाच प्रश्नाचे निराळे उत्तर आहे.

या गटांची नावे मुष्टियुद्धातून आली. लंडनच्या नॅशनल स्पोर्टिंग क्लबने १९०९ मध्ये मुष्टियोद्ध्यांचे आठ वजनी गट प्रमाण म्हणून ठरवले, आणि त्यांतली फेदरवेट, लाइटवेट, मिडलवेट, हेवीवेट ही नावे रोबोटांच्या स्पर्धांनी जशीच्या तशी उचलली. साम्य मात्र नावांपाशीच संपते. मल्ल किंवा मुष्टियोद्धा स्पर्धेआधी दोन-चार किलो उतरवू शकतो, पण हाडांचे वजन काढून ते मुठीत घालू शकत नाही. रोबोट बांधणाऱ्याला नेमके हेच करता येते, किंबहुना हेच करावे लागते. चिलखतातला किलो शस्त्रात न्यायचा की शस्त्रातला मोटरीत, हा निर्णय त्याच्या हाती असल्यामुळे रोबोटांच्या खेळात वजनी गट हा केवळ बरोबरीच्या जोड्या लावण्याचा नियम न राहता रचनेचा पायाच ठरला.

यंत्रांची झुंज या खेळाआधी नव्हती असे नाही. सान फ्रान्सिस्कोत मार्क पॉलीन यांनी १९७८ मध्ये स्थापन केलेल्या सर्व्हायव्हल रिसर्च लॅबोरेटरीज या कलासमूहाच्या प्रयोगांत अजस्र यंत्रे एकमेकांवर तुटून पडत, पण तिथे ना वजनाला बंधन होते ना हारजितीला अर्थ. तो दृश्यकलेचा आविष्कार होता. खेळाची सुरुवात झाली ती मर्यादा आल्यावर. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरातील विज्ञानकथाप्रेमींच्या संमेलनात १९८७ च्या सुमारास ‘क्रिटर क्रंच’ ही स्पर्धा सुरू झाली. ती हौशी मंडळींनी घरच्या घरी बांधलेल्या छोट्या यंत्रांची होती, आणि आजही चालणाऱ्या अशा स्पर्धांत ती सर्वांत जुन्यांपैकी मानली जाते.

त्याच सुमारास जपानमध्ये वेगळ्या दिशेने एक प्रयोग झाला आणि वजनमर्यादेच्या इतिहासात त्याचे स्थान मोठे आहे. फुजिसॉफ्ट या कंपनीच्या पुढाकाराने सुरू झालेल्या रोबोट सुमोत यंत्राने प्रतिस्पर्ध्याला गोल रिंगणाबाहेर ढकलायचे असते आणि त्याचे वजन ३ किलोच्या आत, तळ २० सेंटिमीटर चौरसाच्या आत असावा लागतो. ढकलण्याची ताकद चाकांच्या पकडीवर आणि पकड चाकांवर पडणाऱ्या भारावर अवलंबून असल्याने, ३ किलोंचे यंत्र तेवढ्याच भाराचा जोर लावू शकेल असे वरवर वाटते. परंतु रिंगणाचा पृष्ठभाग पोलादी असल्याचे हेरून बांधणाऱ्यांनी यंत्राच्या पोटाशी शक्तिशाली निओडिमियम चुंबके बसवली. काट्यावर ३ किलो भरणारे यंत्र रिंगणात त्याच्या कित्येक पट भाराने जमिनीला चिकटू लागले. काटा वस्तुमान मोजतो, झुंज बलावर जिंकली जाते, आणि या दोहोंमधल्या फटीत कल्पकतेला किती वाव आहे हे सुमोने पहिल्यांदा स्पष्टपणे दाखवून दिले.

जिला आज लढाऊ रोबोटांची स्पर्धा म्हणतात, तिचे जनकत्व मार्क थॉर्प यांच्याकडे जाते. जॉर्ज लुकास यांच्या चित्रपट-उद्योगात प्रतिकृती आणि खेळणी घडवणाऱ्या थॉर्प यांनी १९९२ मध्ये घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरला दूरनियंत्रित करण्याचा खटाटोप केला. त्यातून घर काही झाडले गेले नाही, पण यंत्रांना झुंजवण्याची कल्पना मात्र सुचली. ऑगस्ट १९९४ मध्ये सान फ्रान्सिस्कोच्या फोर्ट मेसन केंद्रात पहिली ‘रोबोट वॉर्स’ स्पर्धा झाली, तेव्हा १० ते ४० पौंड, ४० ते ७० पौंड आणि ७० ते १०० पौंड असे तीन गट होते. म्हणजे सर्वांत जड यंत्रही सुमारे ४५ किलोंचेच होते. हा आकडा नीट पाहिला तर त्यामागचा व्यवहार कळतो, कारण एवढ्या वजनाचे यंत्र दोन माणसे उचलू शकतात, ते मोटारीत मावते आणि हौशी कारागिराच्या खिशाला परवडते.

दुसऱ्याच वर्षी, १९९५ मध्ये, या मर्यादेला दोन परस्परविरुद्ध आणि तितकीच मूलगामी उत्तरे मिळाली. ट्रे रोस्की आणि ग्रेग मन्सन या चुलत भावांचा ‘ला मशीन’ हा चाकांवरचा पाचरीच्या आकाराचा रोबोट होता; त्याला फिरणारे वा आपटणारे शस्त्र नव्हते, त्याचा जमिनीलगतचा उताराचा पत्रा प्रतिस्पर्ध्याच्या खाली शिरून त्याला उचलत आणि उलटवत असे. शस्त्राचे वजन जवळपास शून्यावर आणल्यामुळे शिल्लक राहिलेले सारे वजन मोटरी आणि वेग यांना देता आले. पाचर हा अतिसाधा आकार आजतागायत या खेळातून हटलेला नाही, याचे कारण हेच.

जेमी हाइनमन यांच्या ‘ब्लेंडो’ने हाच हिशेब उलट्या बाजूने सोडवला. पुढे ‘मिथबस्टर्स’ या दूरचित्रवाणी मालिकेमुळे जगाला ठाऊक झालेल्या या कारागिराने चिनी कढईपासून बनवलेले घुमटासारखे कवच संपूर्ण रोबोटावर पालथे घातले आणि इंजिनाने तेच गरगर फिरवले. फिरत्या वस्तूत साठणारी ऊर्जा तिच्या वस्तुमानाच्या सम प्रमाणात, पण मध्यापासूनच्या अंतराच्या आणि फिरण्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते; म्हणजे तेवढेच वजन मध्यापासून दुप्पट दूर ठेवले, तर त्याच वेगाला चौपट ऊर्जा मिळते. कवच हे यंत्राचे सर्वांत बाहेरचे अंग असल्यामुळे शस्त्राला त्याहून चांगली जागा नाही. शिवाय जे चिलखत तेच शस्त्र झाल्यामुळे एकाच किलोने दोन कामे केली. वजनाच्या मर्यादेतून निघालेल्या कल्पनांमध्ये ही सर्वांत देखणी कल्पना म्हणावी लागेल. तिचा तडाखा इतका जबर होता, की प्रतिस्पर्ध्यांचे तुकडे संरक्षक भिंतीवरून उडू लागले, आणि आयोजकांनी ब्लेंडोला सहविजेता घोषित करून झुंजींतून बाजूला काढले. वजन मर्यादित केले म्हणजे धोका मर्यादित झाला, हे गृहीतक इथे पहिल्यांदा हादरले.

थॉर्प यांची मूळ स्पर्धा १९९७ नंतर कायदेशीर वादांत थांबली, पण तिची दोन अपत्ये वाढली. बीबीसीने १९९८ मध्ये ब्रिटनमध्ये ‘रोबोट वॉर्स’ दाखवायला सुरुवात केली, तिथला हेवीवेट गट आधी सुमारे ८० किलोंचा, नंतर १०० किलोंचा आणि २०१६ मध्ये पुन्हा सुरू होताना ११० किलोंचा झाला; तर रोस्की आणि मन्सन यांनी १९९९ मध्ये अमेरिकेत ‘बॅटलबॉट्स’ उभी केली.

बॅटलबॉट्समध्येच वजनाच्या नियमाचा सर्वांत गाजलेला पेच उभा राहिला. चाकांऐवजी पायांवर चालणारे यंत्र बांधणे अवघड आणि जड असते, त्याला सांधे लागतात, जास्त मोटरी लागतात, आणि तरीही ते हळूच चालते. म्हणून अशा रचनांना उत्तेजन मिळावे या सद्हेतूने चालत्या यंत्रांना निम्मे वजन जादा देण्यात येई. हेवीवेटची मर्यादा तेव्हा २१० पौंड, म्हणजे सुमारे ९५ किलो होती, त्यामुळे पायांच्या यंत्राला ३१५ पौंड, सुमारे १४३ किलो मिळत. विस्कॉन्सिन राज्यातल्या टीम व्हायाचीने या सवलतीवर ‘सन ऑफ व्हायाची’ बांधला. त्याचे पाय फिरत्या आसावर एकाआड एक बसवलेल्या पावलांचे होते; आस फिरला की पावले पाळीपाळीने उचलली जात आणि टेकत, म्हणजे नियमाच्या अक्षराप्रमाणे ते चालणे होते, पण त्यामागची यंत्रणा चाकाच्या अगदी जवळची आणि हलकी होती. वाचलेले वजन तीन भुजांच्या फिरत्या शस्त्रात गेले. २००१ मध्ये या रोबोटाने अंतिम झुंजीत कार्लो बर्तोचिनी यांच्या ‘बायोहॅझर्ड’ला नमवले, जो अवघ्या चार इंचांच्या आसपास उंचीचा आणि तोवर त्या गटातला सर्वांत दबदब्याचा रोबोट होता. त्यानंतर अशा सरकत्या पावलांची सवलत काढून घेण्यात आली. या प्रकरणाकडे लबाडी म्हणून पाहणे अन्यायाचे ठरेल, कारण नियमाने वजनाला किंमत लावली की सर्वांत स्वस्त वाट शोधणे हेच अभियंत्याचे काम असते, आणि ते टीम व्हायाचीने अत्यंत निष्ठेने केले.

२००२ मध्ये अमेरिकी आयोजकांनी रोबोट फायटिंग लीग ही संघटना उभारली आणि गटांना बरीचशी एकरूपता आली: हेवीवेट २२०, मिडलवेट १२०, लाइटवेट ६०, फेदरवेट ३० पौंड, आणि त्याखाली कीटकांच्या नावांचे ३ पौंडांचे बीटलवेट व १ पौंडाचे अँटवेट. ब्रिटनमधले अँटवेट तर १५० ग्रॅमचेच असते आणि ते चार इंचांच्या घनात मावावे लागते. हे छोटे गट दुय्यम समजण्याचे कारण नाही. यंत्राची लांबी निम्मी केली तर वजन आठव्या हिश्शावर येते, पण भागांचे काटछेद मात्र चौथ्या हिश्शावरच येतात, त्यामुळे लहान रोबोट आपल्या वजनाच्या मानाने कितीतरी दणकट असतात आणि मोठ्या यंत्राला न झेपणाऱ्या रचना त्यांच्यात जमून जातात.

भारतात हा खेळ मुख्यत्वे अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या तंत्रमहोत्सवांतून रुजला आणि त्यात पवईच्या आयआयटी मुंबईच्या ‘टेकफेस्ट’मधील रोबोवॉर्सचा वाटा मोठा आहे. इथले गट पौंडांऐवजी किलोंत, ८, १५, ६० असे बांधले गेले. ब्राझीलमधील रिओ द जनेरोच्या कॅथलिक विद्यापीठातले प्राध्यापक मार्को अँतोनियो मेज्जोलारो यांनी आपल्या रिओबॉट्झ संघासाठी लिहिलेले मार्गदर्शक पुस्तक जगभरच्या विद्यार्थ्यांनी वापरले, आणि त्यातला ३०-३०-२५-१५ हा ठोकताळा प्रसिद्ध आहे: एकूण वजनाचे ३० टक्के चालन-यंत्रणेला, ३० टक्के शस्त्राला, २५ टक्के सांगाडा व चिलखताला आणि १५ टक्के बॅटरी व इलेक्ट्रॉनिक्सला. ६० किलोंच्या रोबोटाला तो लावला, तर चाके-मोटरींना १८, शस्त्राला १८, सांगाड्याला १५ आणि बॅटरीसह विद्युत भागांना ९ किलो येतात.

सांगाड्याच्या त्या १५ किलोंत धातूची निवड निर्णायक ठरते. अॅल्युमिनियमची घनता पोलादाच्या सुमारे एक-तृतीयांश असल्याने त्याच वजनात पत्रा सुमारे २.९ पट जाड मिळतो. पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे, अॅल्युमिनियम मुळात कमी ताठ असूनही तो जाड पत्रा वाकण्याला पोलादाच्या सुमारे आठपट विरोध करतो. म्हणून सांगाडा बहुधा अॅल्युमिनियमचा, आघात झेलणारे बाह्यांग टायटॅनियमचे, आणि प्रतिस्पर्ध्याला भिडणारा दात, जिथे कठीणपणालाच मोल असते, तो मात्र कठीण पोलादाचा असतो. एवढे करूनही तारा, स्क्रू आणि वेल्डिंग यांचे वजन संगणकावरच्या आराखड्यात पुरेसे धरलेले नसते, आणि स्पर्धेच्या आदल्या रात्री ड्रिल मशीनने पत्र्यांत भोके पाडून ग्रॅम ग्रॅम कमी करण्याची वेळ येते.

आकडा तोच ठेवूनही मर्यादेचा अर्थ बदलला तो बॅटरीमुळे. सुरुवातीच्या रोबोटांतली शिसे-आम्लाची बॅटरी किलोमागे ३० ते ४० वॅट-तास ऊर्जा देई, आताची लिथियम-पॉलिमर बॅटरी दीडशे वा त्याहून अधिक देते, आणि ब्रशविरहित मोटरींनीही हलकेपणात मोठी झेप घेतली. वाचलेले सगळे वजन फिरत्या शस्त्रांकडे वळले. २०१५ मध्ये बॅटलबॉट्स २५० पौंडांच्या, म्हणजे सुमारे ११३ किलोंच्या एकाच गटासह परतली, तेव्हा पोलादी पट्टी आडवी फिरवणारा रे बिलिंग्ज यांचा ‘टूम्बस्टोन’ पुढच्याच वर्षी विजेता ठरला. ब्लेंडोने उभा केलेला प्रश्न आता टाळता येण्यासारखा राहिला नव्हता, म्हणून शस्त्राच्या टोकाच्या वेगालाही ताशी २५० मैलांची, सुमारे ४०० किलोमीटरची मर्यादा घालण्यात आली. फार वेगाने फिरणारा दात दोन फेऱ्यांच्या मधल्या क्षणात प्रतिस्पर्ध्यात पुरेसा शिरतच नाही, नुसता घासून जातो, त्यामुळे वेगाला आणखीही एक लगाम आधीपासून होताच. त्यावर तोड म्हणून अनेक बांधणाऱ्यांनी दोनऐवजी एकाच दाताचे शस्त्र पत्करले आणि त्याचा तोल साधण्यासाठी विरुद्ध बाजूला जे वजन ठेवावे लागते, तेही त्याच २५० पौंडांतून काढले.