तळटीप : कुवेत विद्यापीठ आणि लिंगभावाधिष्ठित अंदाजपत्रक

* ग्रंथकाराने येथे उल्लेखिलेल्या, १९६६ साली स्थापन झालेल्या कुवेत विद्यापीठाचे अध्यक्षपद १९९३ साली डॉ. फायझा अल्-खराफी या रसायनशास्त्रज्ञ विदुषीकडे आले, आणि विद्यार्थिनींची संख्याही तेथे विद्यार्थ्यांहून अधिक आहे. तथापि १९९६ च्या कायद्याने स्त्रीपुरुषांचे वर्ग विभक्त ठरविल्यावर, दोहोंच्या वाट्यास अध्यापक, प्रयोगशाळा व दालने कोणत्या प्रमाणात येतात, हा प्रश्न तत्त्वाइतकाच जमाखर्चाचाही झाला. ऑस्ट्रेलियात १९८४ साली आरंभ झालेले, आणि ज्याचे निवेदन भारत सरकार २००५-०६ पासून प्रसिद्ध करते ते लिंगभावाधिष्ठित अंदाजपत्रक प्रत्येक खात्याची तरतूद प्रत्यक्षात कोणाच्या पदरी पडते याची तपासणी करते. केवळ पटावरील बहुसंख्येवर समाधान मानणाऱ्या विद्यापीठांसाठी ही तपासणी आम्हांस विशेष आवश्यक वाटते. — संपादक