१० डिसेंबर : लावणीसम्राज्ञी सुलोचना चव्हाण यांचा स्मृतिदिन (२०२२)

फडावर कधी न उभी राहिलेली, गिरगावात वाढलेली गायिका लोकगायिका कशी, हा आक्षेप सुलोचनाबाईंबद्दल अधूनमधून निघतो. त्यांची कारकीर्द हिंदी पार्श्वगायनातून सुरू झाली, हेही खरेच. पण लावणी जगते ती शब्दफेकीवर, आणि ती त्यांनी मेहनतीने कमावली. कोल्हापूरचे दिग्दर्शक श्यामराव चव्हाण हे त्यांचे पती आणि या बाबतीतले गुरूही. ‘रंगल्या रात्री अशा’मधली (१९६२) कोल्हापूरच्या मिरचीची लावणी ऐकावी. शब्द जगदीश खेबुडकरांचे, चाल वसंत पवारांची; पण ठसका गळ्याचा! एकेक अक्षर सुटे, खणखणीत. अंगभर पदर घेऊन, हातवारे न करता त्या गात. सारी अदा आवाजातच. म्हणूनच खेड्यापाड्यातल्या घरंदाज बायकांनाही रेडिओवरची लावणी उघडपणे ऐकता आली.

दुसरा आक्षेप मात्र झटकून टाकता येत नाही. तबकडीने लावणी तीन-चार मिनिटांत बसवली. बैठकीतला विस्तार, ओळ पुन्हा पुन्हा फिरवून खुलवणारी अदाकारी मागे पडली. गाण्याला प्रतिष्ठा मिळाली, ती फडावर पायांत चाळ बांधणाऱ्या विठाबाई नारायणगावकरांसारख्यांच्या वाट्याला तेवढी आली नाही. पण हा दोष समाजाचा, गायिकेचा नव्हे. सुलोचनाबाईंना ‘लावणीसम्राज्ञी’ ही पदवी आचार्य अत्र्यांनी दिली होती. सरकारची ‘पद्मश्री’ यायला २०२२ उजाडले, म्हणजे त्यांच्या आयुष्याचे अखेरचे वर्ष.