बंब आणि बादल्यांची रांग

आग विझवणाऱ्या गाडीला हिंदीत ‘दमकल’ म्हणतात, कचेरीच्या कागदावर ‘अग्निशमन वाहन’ लिहितात. पण आमच्या पांढुर्णा-सौंसरच्या मराठी घरांत आजही ‘बंब आला’ असेच म्हटले जाते. हा शब्द पोर्तुगीज ‘बोंबा’ म्हणजे पंप यावरून आला. अंघोळीचे पाणी तापवणारा तांब्याचा बंबही त्याच कुळातला.

जुना बंब हाताने चालायचा. दोन्ही बाजूंच्या आडव्या दांड्यांवर माणसे उभी राहत. एका बाजूने दांडा दाबला की दुसरा वर येई आणि नळकांड्यांतले दट्टे आळीपाळीने पाणी ढकलीत. मधल्या घुमटात दाबलेल्या हवेमुळे धार तुटत नसे. माणसे लवकर थकत, म्हणून दुसरी तुकडी तयार ठेवावी लागे. पुढे वाफेचे व घोड्यांचे बंब आले. मुंबईत पहिला मोटारबंब 1907 साली आला.

आमचा भाग कापसाचा. कापसाची आग फसवी असते. गाठ वरून विझलेली दिसते, पण आत धुमसत राहते. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजावर हेच घडले. कराचीहून चढवलेल्या हजारो गाठींजवळच दारूगोळा भरलेला होता. दुपारी धूर दिसला. बंबवाले पाण्याचा मारा करीत राहिले, आगीचे मूळ मात्र हाती लागले नाही. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाने दुसरा. अग्निशमन दलाचे 66 जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर 14 ते 20 एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात.

देशाचे अग्निशमन महाविद्यालय 1956 मध्ये रामपूरला सुरू झाले आणि 1957 मध्ये नागपूरला आले. म्हणजे हे शास्त्र शिकवणारी मोठी शाळा आमच्या शेजारीच आहे. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्याची सीमा मध्ये आली आणि नागपूर परप्रांतात गेले, पण आगीला सीमा कुठे कळते?

घटनेच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन हे नगरपालिकेचे काम म्हणून नोंदले आहे. तरी बंब येईपर्यंतची पहिली काही मिनिटे गावाचीच असतात. पऱ्हाटी-तुराटीच्या गंजीला आग लागली की विहिरीपासून आगीपर्यंत उभी राहणारी बादल्यांची रांग हेच खेड्यांचे स्वयंसेवक दल होते. तिथे जात, पक्ष कोणी विचारीत नसे. आज नळ आले, विहिरी बुजल्या आणि ती रांग लावण्याची सवयही सुटत चालली आहे. जिल्हा आता पांढुर्ण्याचा स्वतंत्र झाला. बंब वाढतील, वाढायलाच हवेत. पण रांगेत उभे राहणारे हात सरकारी आदेशाने येत नाहीत.

म्हणून मंडळाच्या सभासदांना आमच्या दोन विनंत्या आहेत. मांडवाभोवती बंब जाईल एवढी वाट मोकळी ठेवा, आणि आरास व विजेच्या तारांजवळ कोरड्या वाळूच्या बादल्या भरून ठेवा. विजेच्या आगीवर पाणी कधीही टाकू नका. दुसरी विनंती अशी की, ज्यांनी त्या रांगेत बादल्या दिल्या-घेतल्या असे वडीलधारे आज आपल्यात आहेत. त्यांच्याजवळ बसा, आठवणी लिहून घ्या. बंबाचा फोटो कुठेही मिळेल, ही माणसे मात्र पुन्हा मिळायची नाहीत.

गणपती बाप्पा मोरया!