इलियडचे मानसशास्त्रीय वाचन

इलियडचे मानसशास्त्रीय वाचन : होमरच्या महाकाव्यातील माणसांचे वागणे आधुनिक मानसशास्त्राच्या आधारे उलगडणारी अभ्यासदृष्टी.

विसाव्या शतकाच्या मध्यास ब्रूनो स्नेल याने होमरच्या पात्रांना एकसंध ‘मी’ची जाणीव नव्हती, असे मांडले. ई. आर. डॉड्स (१९५१) अधिक सावध होता. एकोणिसाव्या सर्गात ग्रीकांचा सेनापती अगामेम्नॉन महावीर अकिलीझशी वागताना झालेल्या आपल्या अविवेकाचा दोष झ्यूसने घातलेल्या भुलीवर टाकतो. पण भरपाई मुकाट्याने देतो, म्हणून डॉड्स ही पळवाट मानत नाही. देवांची वाणी म्हणजे मेंदूच्या एका अर्ध्या भागाचे आवाज, ही जूलियन जेन्स याची उपपत्ती (१९७६) चटकदार खरी, पण तिला पुराव्याचे बळ नाही.

सर्वांत परिणामकारक वाचन जॉनथन शे या मनोविकारतज्ज्ञाचे. बॉस्टनमध्ये व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांवर उपचार करताना त्यांच्या कहाण्यांत त्याला अकिलीझ भेटला. त्यातून अकिलीझ इन व्हिएतनाम (१९९४) हा ग्रंथ झाला. शेच्या मते घाव शत्रूच्या हातून नव्हे, स्वतःच्या सेनापतीकडून बसतो : अगामेम्नॉन अकिलीझच्या वाट्याला आलेल्या बंदिनी ब्रायसिसला हिरावून घेतो आणि न्यायावरचा विश्वासच उडतो. मग आपुलकीचे वर्तुळ आकसत जाऊन जिवलग मित्र पट्रोक्लसवर येऊन ठेपते. तो पडल्यावर शोक, अपराधभाव आणि बेभान संहार. अकिलीझ मूळचा क्रूरकर्मा नव्हे. ट्रॉयचा वीर हेक्टर याची पत्नी आंद्रोमाखी हिच्या पित्याला त्याने मारले, पण चिलखत न उतरवता सन्मानाने दहन केले. ट्रॉयचा राजपुत्र लायकेऑन याला त्याने पूर्वी जिवंत पकडून विकले होते. तोच लायकेऑन एकविसाव्या सर्गात पाया पडत असता मारला जातो आणि हेक्टरचे प्रेत रथामागे फरफटते. चारित्र्याची ही पडझड इतकी बारकाईने क्वचितच कोणी दाखवली आहे. ओडिसीवर शेने २००२ मध्ये असाच ग्रंथ लिहिला.

शेच्या वाचनावरचा आक्षेप मुख्यतः देवांविषयी आहे. शे त्यांना सैनिकांच्या प्राणांशी खेळणाऱ्या वरिष्ठांच्या जागी पाहतो. त्याने उपमा साधते, पण पहिल्या सर्गात अकिलीझचे केस ओढून त्याला थोपवणारी अथीना तीत मावत नाही. कीर्तीसाठी अल्पायुष्य पत्करणाऱ्या वीराला रुग्ण म्हणणेही अडचणीचे. होमरने काय वगळले, हे मात्र शेनेच नोंदवले : उपासमार, स्वपक्षाच्याच शस्त्रांनी झालेले मृत्यू आणि जखमींचे दीर्घ हाल. इलियडमधला घायाळ बहुधा तत्काळ मरतो किंवा लवकर बरा होतो.