सेटरमधून संग्रह: जावा प्रोग्रामरच्या एका रीतीचा इतिहास

ठाणे–वाशी लोकल २००४ साली सुरू झाली आणि ऐरोली-महापे पट्ट्यातील संगणक कंपन्या डोंबिवली-कल्याणच्या नोकरदाराला रोजच्या ये-जा करण्याच्या अंतरात आल्या. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये स्प्रिंग या जावा भाषेतील चौकटीची, म्हणजे फ्रेमवर्कची, १.० आवृत्ती प्रसिद्ध झाली. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नसला, तरी या परिसरात त्यानंतर घडलेल्या जावा प्रोग्रामरच्या पिढीची कामाची रीत समजून घेण्यासाठी स्प्रिंगचा, आणि विशेषतः सेटरमधून संग्रह पुरवण्याचा, इतिहास पाहावा लागतो.

ऑब्जेक्टने आपल्याला लागणारी सामग्री स्वतः न शोधता ती बाहेरून मिळवावी, या पद्धतीसाठी डिपेंडन्सी इंजेक्शन हे नाव मार्टिन फाउलर यांच्या जानेवारी २००४ मधील निबंधाने रूढ केले. तिचे दोन प्रमुख मार्ग होते: ऑब्जेक्ट घडतानाच कन्स्ट्रक्टरमधून सामग्री देणे, किंवा तो घडल्यानंतर ‘सेट’ने सुरू होणाऱ्या मेथडमधून, म्हणजे सेटरमधून, ती आत पोहोचवणे. पिकोकंटेनर या दुसऱ्या जावा चौकटीच्या कर्त्यांनी पहिला मार्ग पसंत केला. रॉड जॉन्सन यांच्या २००२ च्या ग्रंथातील कोडमधून उभ्या राहिलेल्या स्प्रिंगने मात्र दुसऱ्यावर भर दिला, आणि जावाबीन्सच्या १९९७ च्या नियमावलीपासून सेटर लिहिण्याची सवय मुरलेली असल्याने प्रोग्रामरना तो परका वाटला नाही.

या रीतीचा सर्वांत समृद्ध भाग संग्रहांचा, म्हणजे लिस्ट, सेट, मॅप अशा अनेक मूल्ये एकत्र धरणाऱ्या रचनांचा, होता. धीम्या लोकलचा एक ऑब्जेक्ट कल्पिला, तर त्याच्या ‘सेटस्टेशन्स’ या सेटरला जोडणी लिहून ठेवलेल्या एक्सएमएल फाइलमधून लिस्ट देता येई: ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण. लिस्टमध्ये क्रम टिकतो, म्हणून स्थानकांसाठी तीच योग्य. सेट या संग्रहात एकच मूल्य दोनदा राहत नाही, आणि मॅपमध्ये प्रत्येक स्थानकाच्या नावाशी त्याचे अंतर जोडता येते. फाइलमध्ये हे अंतर मजकुराच्या रूपात असते. पण आपल्याला पूर्णांक हवेत असे सेटरने जावा ५ मधील जेनेरिक्सद्वारे घोषित केलेले असेल, तर कंटेनर, म्हणजे ऑब्जेक्ट घडवून त्यांची जोडणी करणारा स्प्रिंगचा भाग, ते रूपांतर स्वतः करतो. एखादे स्थानक वाढले, तर कोड पुन्हा कंपाइल न करता फाइलमध्ये एक ओळ घातली की काम भागे, आणि या रीतीचे खरे बळ याच सोयीत होते.

ऑक्टोबर २००६ च्या स्प्रिंग २.० ने या रीतीला विलीनीकरणाची जोड दिली. फाइलमधील मूळ ऑब्जेक्टच्या व्याख्येत ठाणे-कल्याणची यादी ठेवावी, तिला आधार मानणाऱ्या कसाऱ्याच्या दिशेच्या गाडीच्या व्याख्येत शहाड, आंबिवली, टिटवाळा एवढीच नावे लिहून ‘मर्ज’ चालू करावे, की मूळ यादी आधी आणि नवी नावे नंतर, अशी सलग यादी सेटरकडे जाई. कर्जतच्या दिशेच्या गाडीलाही त्याच आधारावर विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ जोडता येत. ‘मर्ज’ लिहायचे राहिले, तर मात्र गाडी थेट शहाडपासूनच सुरू होई आणि कंटेनर त्याला चूक म्हणत नसे.

या मोकळेपणाची किंमत हळूहळू उमगत गेली. सेटर कधीही बोलावता येतो, किंवा बोलावायचा राहूनही जातो. मग यादीविना घडलेला ऑब्जेक्ट पहिल्या वापरालाच कोलमडतो. शिवाय कंटेनर सहसा एकच ऑब्जेक्ट घडवून सर्वांना देतो, त्यामुळे एकाने यादीत केलेला बदल सर्वांना भोगावा लागतो. स्प्रिंगच्या तिसऱ्या आवृत्तीच्या दस्तऐवजात सेटरची शिफारस होती. डिसेंबर २०१३ मध्ये आलेल्या चौथीच्या दस्तऐवजात ती कन्स्ट्रक्टरकडे वळली आणि सेटर ऐच्छिक सामग्रीपुरता उरला. हा बदल योग्यच होता, पण संग्रहांच्या बाबतीत तो अपुरा आहे, कारण कन्स्ट्रक्टरमधून आलेली यादीही बाहेर कुणाच्या हाती असेल, तर ती नंतर बदलता येते; त्यावर जावा १० पासून मिळणारी, यादीची न बदलणारी प्रत काढून ठेवण्याची सोय वापरावी लागते.